नाकारलेली खिलत

१/ नकोशी भेट परत करणे आज फार तर अवघड वाटते. मुघल दरबारात तो बादशहाचा उघड अवमान ठरे.

२/ 'खिलत' म्हणजे बादशहाने दिलेला मानाचा पोशाख. मूळ अरबी धातूचा अर्थ 'अंगावरून उतरवणे'. खिलत मिळाली की ती परिधान करून तख्तासमोर तस्लीम करायची. ती अंगावर घेणे म्हणजे चाकरी मान्य करणे.

३/ पुरंदरच्या तहानंतर १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी औरंगजेबाचे फर्मान व खिलत रिवाजाप्रमाणे सामोरे जाऊन स्वीकारली होती. म्हणजे पुढे जे घडले, ते अज्ञानातून घडले नाही.

४/ १२ मे १६६६, आग्रा. औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले. जसवंतसिंहाला खिलत मिळाली, महाराजांना नाही. ते संतापून रांगेतून बाहेर पडले. रामसिंहाने केलेली मनधरणी व्यर्थ गेली. मग सरदारांसोबत खिलत पाठवण्यात आली. महाराजांनी ती घेण्यास साफ नकार दिला. समकालीन राजस्थानी पत्रांत हा प्रसंग नोंदलेला आहे.

५/ या नकाराची किंमत जबर होती. निवासाभोवती पहारे बसले, जिवावर बेतले. १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले. खिलत मात्र बादशहाकडेच राहिली.