डहाणूचा निवाडा व त्याचा अंमल

जुन्या दप्तरांत निवाडपत्र सांपडलें म्हणजे त्याप्रमाणें अंमलहि झाला, असें गृहीत धरण्याची चूक संशोधकाच्या हातून पुष्कळदां होते. वादी जिंकला खरा. परंतु वतन त्याच्या कबजांत आलें कीं नाहीं, हें मागाहूनच्या ताकीदपत्रांवरूनच ठरवावें लागतें. लोकहितार्थ लावलेल्या दाव्यांनीं सृष्टीचें रक्षण होतें काय, या आधुनिक वादासहि हीच कसोटी लावावी, असें आमचें मत आहे. याकरितां पालघर जिल्ह्यांतील डहाणूचें प्रकरण उपयोगी आहे.

डहाणूच्या खाडीकांठीं ५०० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र उभारण्यास मिळालेल्या परवानगीविरुद्ध तेथील एका मंडळानें दाद मागितली. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती फेटाळली. मात्र धुरांतील गंधकवायु काढणारें यंत्र बसविण्याची अट पूर्ण विचारावांचून शिथिल करूं नये, असें बजाविलें. त्याच वर्षीं २० जून रोजीं केंद्रसरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांस ५०० एकरांची मर्यादा घातली, आणि सभोंवार २५ किलोमीटरांचा पट्टा राखून ठेविला. लगतचा तलासरी प्रदेश यायोगें त्या पट्ट्यांत आला.

तथापि कागदावरील मर्यादेस राखणदार नव्हता. बिट्टू सहगल यांच्या अर्जावर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजीं जो निकाल झाला, त्यानें ही उणीव भरून निघाली. त्यान्वयें त्याच वर्षीं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालें व निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. १९९८ सालीं या प्राधिकरणानें वाढवण येथील बंदराची योजना नाकारली. १९९९ सालीं गंधकवायूचें यंत्र बसविण्याचा हुकूम केला. तें प्रत्यक्ष चालू होण्यास २००७ साल उजाडलें. म्हणजे न्यायालयानें बजाविल्यापासून सोळा वर्षें लोटलीं!

यावरून अनुमान असें कीं, निवाडा बीजासारखा असून त्याची राखण करणारें कायमचें ठाणें नेमलें तरच तो फळास येतो. पण ठाणेंहि बदलतें. २०१९ सालीं धर्माधिकारी वारले. २०२३ सालीं त्याच प्राधिकरणानें वाढवण बंदरास संमति दिली, व ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. १९९८ व २०२३ चे दोन्ही हुकूम एकाच दप्तरांतले आहेत; पुढील अभ्यासकानें ते शेजारीं ठेवून वाचावे.

निकालपत्रें छापलेलीं असल्यामुळें टिकतील. परंतु मच्छीमारांचे, बागायतदारांचे व आदिवासींचे अर्ज, हरकती आणि सभांचीं टिपणें घरोघरीं वाळवीच्या तोंडीं जाण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं तीं आतांच हस्तगत करावीं, कारण अंमलाचा खरा पुरावा त्यांतच आहे.