हुकूम कुठवर चालतो?

किहीम मुंबईच्या समोरच्याच किनाऱ्यावर, पण ‘हेबियस कॉर्पस’चा हुकूम मुंबईहून तिथे पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. कोंडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे आणा आणि कशाच्या आधारावर कोंडलंय ते सांगा, एवढंच हा हुकूम म्हणतो. मुंबईत १८२४ साली सुप्रीम कोर्ट सुरू झालं. १८२८ मध्ये पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला त्याचे नातेवाईक पांडुरंग रामचंद्र यांनी अडकवून ठेवल्याची तक्रार आली, तेव्हा कोर्टाने हाच हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो चालू दिला नाही. पुणे तुमच्या हद्दीत नाही, हे त्यांचं उत्तर. त्याच वर्षी दोन न्यायाधीश वारले होते. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट इतके चिडले की १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टालाच टाळं लावलं. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने माल्कमचीच बाजू उचलून धरली. किहीम तर तेव्हा आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होतं. १८४० मध्ये संस्थान खालसा झालं, १८६२ मध्ये हायकोर्ट आलं, तरी हुकूम मुंबईची वेस ओलांडेना. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १९२३ च्या दुरुस्तीने तो जिल्ह्यांत शिरला, आणि १९५० मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ ने त्याला पक्कं बळ दिलं.

या कुळकथेतून मला एवढंच दिसतं, की राज्यकर्ता कोर्टाला सहसा ‘ऐकत नाही’ असं तोंडावर सांगत नाही. तो नकाशा पुढे करतो. अब्राहम लिंकन हा अपवाद. १८६१ मध्ये मेरीमन खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांचा हुकूम लिंकन यांच्या लष्कराने सरळ धुडकावला. पण तिथे यादवी पेटली होती, आणि हेबियस कॉर्पस स्थगित करण्याच्या अधिकाराला काँग्रेसच्या कायद्याचा आधार मिळायला १८६३ उजाडलं. जॉर्ज बुश यांनी माल्कमची वाट धरली. २००२ पासून कैदी ग्वांटानामोत ठेवले गेले. ती जागा अमेरिकेने १९०३ पासून भाड्याने घेतलेली, सार्वभौमत्व क्यूबाचं. म्हणून आमच्या कोर्टांचा तिथे संबंध नाही, असा सरकारचा दावा. २००८ च्या बूमेडिएन निकालात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक कोर्टाला हद्द असतेच आणि कायद्याने माल्कम बरोबरच ठरले. ठरले खरे, पण ते ठरवलं वरच्या न्यायपीठाने. हुकूम अडवला तेव्हा हद्दीची रेघ गव्हर्नरने स्वतःच ओढलेली होती, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. आपल्याकडे रेघ नकाशाऐवजी काळावर ओढली गेली. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आणीबाणीपुरता कोर्टाचा दरवाजा बंद झाला. मुंबईसह नऊ हायकोर्टांनी स्थानबद्धांचं ऐकून घेतलं. सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी सरकारचं ऐकलं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती फट बुजवली. अमेरिकेत नकाशाची फट उघडीच आहे. २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या एका रहिवाशाला चुकीने एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडलं गेलं. आता तो परक्या सरकारच्या ताब्यात आहे, असं सांगून ट्रम्प सरकारने हात वर केले. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या सुटकेसाठी सरकारने प्रयत्न करावेत असं म्हटलं. जूनमध्ये त्याला परत आणलं, ते नव्या फौजदारी आरोपांसह.