केडगाव, पहाटेची वेळ

साल १९०५, जानेवारी महिना. केडगाव स्टेशनवरून चालत तुम्ही मुक्ती मिशनच्या आवारात शिरता, तेव्हा नीट झुंजूमुंजूही झालेलं नाही. थंडी अंगाला झोंबते आहे. ‘रोज बायबल वाचावं, प्रार्थना करावी, सगळं खरं, पण वेळ कुठाय?’ हे विचारायला तुम्ही आलात, आणि आता जीभ रेटत नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली इथे राहतात. त्यांचं दळण, पाणी, शाळा, शेत, आजारपण, सगळा भार पंडिता रमाबाईंवर.

पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस. माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल, असं त्यांनी याच महिन्यात विचारलं आणि ७० जणी पुढे आल्या. रोज सकाळी त्या जमतात. तुम्हीही मागे मांडी घालून बसता. शेजारची पोरगी ओळीवर बोट ठेवून वाचते आहे. जोडाक्षर आलं की बोट थांबतं, ओठ दोनदा हलतात, मग बोट पुढे सरकतं. चारच ओळी होतात. तिला घाई नाही.

आता आणखी चाळीसेक वर्षं मागे चला. तीर्थयात्रेत फिरणाऱ्या डोंगरे कुटुंबाचा, म्हणजे रमाबाईंच्या माहेरचा, कुठलासा मुक्काम. दिवस उजाडला की आई लक्ष्मीबाई घरकामाला जुंपल्या जाणार, म्हणून अंधारातच त्या जमिनीवर झोपलेल्या छोट्या रमेला उचलून जवळ घेतात, लाडीगोडीने जागं करतात. पाखरं किलबिलायला लागलेली. हातात पोथी नाही. आई म्हणते, लेक मागून म्हणते. पाठ संस्कृतचा आहे, बायबलचं वारंही या कुटुंबाला अजून लागलेलं नाही. तरी केडगावच्या त्या सकाळचं मूळ मला इथेच दिसतं. संसार दिवसभर मागतच राहणार, हे ओळखून या बाईने लेकीचा वाटा आधी बाजूला काढला. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर शास्त्र उघडणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही पहाट जरा थांबून पाहावी.

मग थेट १९२२. मुक्तीच्या छापखान्यात बायका खिळे जुळवताहेत. रमाबाईंना ऐकू कमी येतं, तब्येत खालावलेली, आणि एकुलती एक लेक मनोरमा आदल्याच वर्षी गेलेली. समोर मुद्रितं पसरली आहेत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायचं काम सतरा-अठरा वर्षं चाललं आहे, तेही संस्था चालवता चालवता. ५ एप्रिलला त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालेलं होतं. छापील ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

एवढा खटाटोप कशाला, मराठी बायबल तर होतंच? होतं, पण त्याची भाषा नुकत्याच अक्षरं शिकलेल्या बाईला जड जायची. रमाबाईंनी साधी, बोलीजवळची मराठी धरली. शेतावर जायच्या आधी जिच्या हाताशी थोडाच वेळ आहे, तिला कुणाला अर्थ विचारत न बसता आपला अध्याय आपणच वाचता यावा, म्हणून.