२३ डिसेंबर २०१८ : जालन्यात चांदीची गदा

जालन्याच्या आझाद मैदानावर या दिवशी महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. गादी म्हणजे मॅट विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके गतविजेता होता, त्यामुळे पारडे त्याच्याकडेच झुकलेले. समोर माती विभागातला बुलडाण्याचा बाला रफिक शेख. पहिला गुण अभिजितचा, पण पुढे मातीतल्या पैलवानाने आक्रमक खेळत कुस्ती ११-३ अशी एकतर्फी केली आणि मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी गदा खांद्यावर घेतली.

बाला मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. तो घडला कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली.

आंदळकर म्हणजे १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचे रौप्य जिंकले होते. मातीतला मल्ल मॅटवर टिकत नाही, हा कट्ट्यावरचा जुना वाद. गुरूने तो जकार्तात खोडला, शिष्याने जालन्यात. चितपटीची मजा गुणांच्या कुस्तीला नाही, ही जुन्या शौकिनांची तक्रार मात्र रास्तच.

शिष्याची गदा पाहायला वस्ताद नव्हते. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले होते.