खोगीर आणि खोगीरभरती

मराठींत निरुपयोगी माणसांच्या अथवा मजकुराच्या भरण्याला ‘खोगीरभरती’ म्हणतात. खोगिराच्या पोटांत चिंध्या, गवत, काथ्या, जें हातीं येईल तें कोंबलें तरी चालतें. वरून कातडें ताणून शिवलें कीं आंतला माल कोणी पाहत नाहीं, या अनुभवांतूनच हा शब्द रूढ झाला असावा. घोड्यांचे दिवस सरले तरी शब्द राहिला. आणि तो ज्या वस्तूला आज अक्षरशः लागू पडतो ती वस्तु म्हणजे सायकलची बैठक होय. बोलण्यांत आपण तिला ‘सीट’ म्हणतों. परंतु ज्या इंग्लंडांत तिला आजचें रूप आलें तेथें तिचें नांव घोड्याच्या खोगिराचेंच आहे, आणि तें यथार्थहि आहे. कारण तिला हें रूप देणारे हात घोड्याचा साज करणाऱ्या कारागिरांचे होते. या लेखांत आम्हीहि तिला खोगीरच म्हणणार आहों.

सायकल घेतांना बहुतेक लोक अंगठ्यानें खोगीर दाबून पाहतात. अंगठा आंत गेला तर खोगीर चांगलें, न गेला तर वाईट, अशी ही परीक्षा आहे. ती चुकीची आहे हें सांगण्यास शरीरशास्त्र पुरेसें आहे. पण ती इतकी चिवट कां ठरली हें समजण्यास मात्र इतिहासाकडे वळलें पाहिजे.

१८१७ सालीं जर्मनींतील मॅनहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें जी दोन चाकांची गाडी चालवून दाखविली तिला पॅडल नव्हतीं. स्वार जमिनीवर पाय मारीत पुढें जाई आणि बसण्यासाठीं लांकडी तुळईवर एक भरलेली गादी असे. पाय जमिनीला लागत असल्यामुळें तेवढ्या गादीवर भागत होतें. १८६० नंतर पॅरिसमध्यें मिशो यांच्या कारखान्यांतून पॅडलची गाडी निघाली, तेव्हां पाय जमिनीवरून उचलले गेले व अंगाचा बहुतेक भार एकदम बैठकीवर आला. चाकांना बैलगाडीप्रमाणें लोखंडी धांवा आणि रस्ते दगडी. तेव्हां खोगिराखालीं पोलादाचा लांब लवचिक पाटा घालण्यांत आला. त्यानें धक्के थोडेबहुत कमी झाले, तरी इंग्रजांनीं या गाडीला ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असेंच नांव ठेविलें. सुखाची पहिली व्याख्या येथें तयार झाली: धक्का न लागणें म्हणजे सुख.

१८६५ सालीं लेस्टरशर परगण्यांतील हिंक्ली गांवचा जॉन बोल्टबी ब्रुक्स हा तरुण वीस पौंड घेऊन बर्मिंगहॅमला आला आणि पुढच्या वर्षीं त्यानें घोड्याचा साज व इतर चामडी सामान करण्याचा धंदा मांडला. १८७८ मध्यें त्याचा घोडा मेला, दुसरा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यानें कामावर जाण्यासाठीं एक सायकल उसनी आणली आणि तिच्यावर बसून त्याला इतका जाच झाला कीं, याला उपाय काढीनच असा त्यानें पण केला, अशी कथा त्याच्या पेढीकडून सांगितली जाते. पेढ्यांच्या जन्मकथा पुराणांतील जन्मकथांइतक्याच सावधपणें वाचाव्या. तथापि २८ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यानें सायकलच्या खोगिराचें पेटंट नोंदविलें ही गोष्ट कागदोपत्रीं आहे.

साज करणाऱ्याला कातड्याचे गुण ठाऊक असतात. या धंद्यांतून जें चामडी खोगीर पुढें सिद्ध झालें त्यांत भरती मुळींच नाहीं. मागें पोलादाची एक रुंद कमान, पुढें एक अरुंद नाक, आणि या दोहोंमध्यें सुमारें पांच मिलिमीटर जाडीचें कातडें ताणून बसविलेलें. खालीं केवळ हवा. हें कातडें झाडांच्या सालींच्या अर्कांत कमावलेलें असतें. तें पाण्यांत भिजवून पितळी सांच्यावर दाबतात, वाळवितात, कडा तासतात आणि मग तांब्याच्या किंवा पोलादाच्या रिबिटांनीं चौकटीवर ठोकतात. नाकाच्या आंत एक मळसूत्र असतें. तें फिरविलें कीं नाक पुढें सरकून कातडें ताणलें जातें. थोडक्यांत सांगावयाचें तर ही खुर्ची नव्हे, ही झोळी आहे. झोळींत निजलेल्या मुलाच्या अंगाप्रमाणें जशी ती वळते तसें हें कातडें बसणाराच्या हाडांप्रमाणें वळतें. फरक इतकाच कीं झोळी क्षणांत वळते आणि याला कांहीं शें मैल लागतात.

आमच्या वाचकांना हें पटवून देण्यास बर्मिंगहॅमला जाण्याचें कारण नाहीं. कोल्हापुरी पायताण बाभळीच्या सालींत व हिरड्यांत कमावलेल्या कातड्याचें असतें. तें नवें असतांना चावतें. त्याला तेल पाजावें लागतें. आणि महिना-दोन महिने पायांत राहिल्यावर त्यावर पायाचा असा ठसा उमटतो कीं तें दुसऱ्या कोणाच्या पायांत जाऊं नये. पायताण चावतें म्हणून त्यांत कापूस भरा, असें मात्र कोणी म्हणत नाहीं.

आतां त्या शरीरशास्त्राकडे वळूं. मनुष्य बसतो तो मांसावर नव्हे, तर कमरेच्या हाडाच्या खालच्या बाजूस असलेल्या दोन उंचवट्यांवर बसतो. या दोहोंतील अंतर साधारणपणें दहा ते चौदा सेंटिमीटर असतें. स्त्रियांत तें बहुधा अधिक असतें, पण माणसामाणसांत इतका फरक पडतो कीं केवळ स्त्री-पुरुष एवढ्यावरून मोजमाप ठरवितां येत नाहीं. हे दोन उंचवटे भार सोसण्यासाठींच आहेत. त्यांच्या मधल्या कोमल भागांत मज्जातंतु व रक्तवाहिन्या आहेत. तो भाग भार सोसण्यासाठीं नाहीं. मऊ गादीवर बसलें कीं हाडें खालीं रुततात आणि दबलेली भरती मध्यें वर उठून नेमकी त्या कोमल भागाला भिडते. पहिल्या पांच मिनिटांत जें सुख वाटतें त्याचें तासाभरानें बधिरपणांत रूपांतर होतें तें याच कारणामुळें. दुकानांत अंगठा लावणाराला तो तास कधींच दिसत नाहीं.

१८८५ मध्यें कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीनें सारख्या चाकांची, सांखळीनें चालणारी सायकल काढली, आणि १८८८ मध्यें बेलफास्टच्या डनलॉपनें हवेच्या धांवेचें पेटंट घेतलें. (त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें, म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे फार उशिरां आला असें म्हणतां येत नाहीं.) हवेच्या चाकानें खोगिराचें अर्धें काम काढून घेतलें. धक्का चाकांतच जिरूं लागला. खोगिराकडे उरलें तें आधार देण्याचें काम. येथपासून दोन वाटा फुटल्या. ताठ बसून सावकाश जाणाराचा जवळजवळ सगळा भार खोगिरावर असतो, म्हणून त्याला रुंद व स्प्रिंगांचें खोगीर लागतें. दुधाच्या कासंड्या लावून फिरणाऱ्या गवळ्याच्या काळ्या सायकलीवर जाड वेटोळ्यांच्या स्प्रिंगांचें खोगीर दिसतें तें योग्यच आहे. उलट खालीं वळलेल्या हँडलच्या सायकलीवर वांकून जाणाराचा भार हात, पाय व बैठक यांत वांटला जातो. वांकल्यामुळें कमरेचें हाड पुढें कलतें आणि टेकण्याची जागा अरुंद होते. त्याला अरुंद, स्प्रिंगांविरहित, ताणलेलें खोगीर हवें. ब्रुक्सचें ‘बी सतरा’ या नांवाचें खोगीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निघालें. सुमारें सतरा सेंटिमीटर रुंदीचें तें खोगीर या दोन वाटांच्या मध्यें, पण दुसरीच्या अधिक जवळ उभें आहे. शतक उलटून गेलें तरी त्याचा घाट फारसा बदललेला नाहीं.

याच दशकांत खोगिरावरून एक वाद माजला. स्त्रिया मोठ्या संख्येनें सायकलीवर बसूं लागल्या होत्या, आणि इंग्लंड-अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांतून त्यांच्या खोगिराची चर्चा होऊं लागली. उंच नाकाचा कोमल भागावर दाब पडतो ही तक्रार खरी होती, आणि तिच्यामागें प्रत्यक्ष त्रास होता. परंतु कित्येक वैद्यांना स्त्रीच्या त्रासापेक्षां तिच्या सुखाचीच धास्ती अधिक वाटली. पुढें वांकून बसल्यानें तरुण मुलींच्या ठिकाणीं विकार उत्पन्न होतील, असें त्यांनीं मोठ्या गंभीरपणें लिहिलें आहे, आणि त्यांपैकीं कांहींनीं त्यावरून स्त्रियांनीं सायकलीपासून दूरच राहावें असा निष्कर्ष काढला. प्रश्न होता चार अंगुळें कातड्याचा. उत्तर दिलें गेलें तें स्त्रीनें घराबाहेर एकटीनें जावें कीं नाहीं या प्रश्नाचें. आम्हांस वाटतें कीं खोगिराच्या इतिहासांतील हें सर्वांत लाजिरवाणें पान आहे, आणि तें लिहिलें सुशिक्षितांनीं.

सुदैवानें कारखानदारांना नीतिशास्त्रापेक्षां गिऱ्हाइकाची काळजी अधिक होती. आंखूड नाकाचीं, मधोमध फट असलेलीं, दोन स्वतंत्र गाद्यांचीं अशीं नाना तऱ्हेचीं ‘आरोग्यदायी’ खोगिरें बाजारांत आलीं. अमेरिकेंत स्पॉल्डिंग कंपनीनें विकलेल्या ख्रिस्टी खोगिराच्या जाहिरातींत तर कमरेच्या हाडाचा सांगाडाच खोगिरावर बसवून दाखविलेला असे: एका चित्रांत साध्या खोगिरावर, दुसऱ्यांत त्यांच्या स्वतःच्या. जाहिरात ही सत्य सांगण्याची जागा नव्हे, परंतु या चित्रांत इतर अनेक पंडिती लेखांहून अधिक शास्त्र होतें. मनुष्य हाडांवर बसतो, ही गोष्ट त्यानें भररस्त्यांत सांगितली.

याचा उत्तरार्ध शंभर वर्षांनीं घडला, आणि या खेपेस तक्रार पुरुषांची होती. १९९७ च्या सुमारास बॉस्टनचे मूत्रविकारतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनीं सायकलचें खोगीर व पुरुषांची लैंगिक दुर्बलता यांचा संबंध जोडला, तेव्हां मोठा गदारोळ झाला. २००८ मध्यें अमेरिकेंतील सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. सहा महिने बिननाकाच्या खोगिरावर बसल्यावर त्यांच्यांतील बधिरपणाचें प्रमाण घटलेलें आढळलें. या वेळीं चर्चा रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांच्यापाशींच राहिली, नीतीकडे वळली नाहीं. मधोमध फट कापलेलीं चामडी खोगिरें, जीं १८९० नंतर निघून मागें पडलीं होतीं, तीं एकविसाव्या शतकांत पुन्हां विकलीं जाऊं लागलीं.

दरम्यान शर्यतवाल्यांनीं कातडें सोडलें होतें. चामडी खोगिराचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पावसांत भिजलें तर तें सैल पडणार, आणि नवें असलें तर अंगवळणीं पाडण्यास वेळ लागणार. १९६० नंतरच्या दशकांत इटलींतील चिनेल्ली यांच्याकडून नायलॉनच्या कवचाचें खोगीर आलें आणि पुढें सगळा बाजार त्याच दिशेनें गेला. हीं कवचाचीं खोगिरें वाईट नव्हत; मोजून घेतलेलें चांगलें कवच पहिल्या दिवसापासून बसतें. परंतु कवच वळत नाहीं, आणि तें न वळणें झांकण्यासाठीं त्यावर फेसाची, पुढें लिबलिबीत जेलीची भरती चढूं लागली. खोगीरभरती परत आली ती येथें. ब्रुक्सची पेढी १९६० च्या आसपास रॅले समूहांत गेली, शतकाच्या अखेरीस तो समूह मोडकळीस आल्यावर २००२ मध्यें इटलींतील सेल्ले रोयाल यांच्याकडे आली. तरी कातडीं ठोकण्याचें काम बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक येथेंच ठेवण्यांत आलें.

मग खालीं वळलेल्या हँडलच्या सायकलीसाठीं चामडी खोगीर निवडावें कसें? प्रथम आपले दोन उंचवटे मोजावे. नालीदार पुठ्ठ्यावर गुडघे किंचित् उचलून मिनिटभर बसलें म्हणजे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर घेऊन खोगिराचा मागचा भाग त्याहून तीन-चार सेंटिमीटर अधिक रुंद असा पाहावा. हाडें कातड्यावर पडलीं पाहिजेत, कडेच्या पोलादावर नव्हेत. चामडी खोगिराची मागची कमान कठीण असते, त्यामुळें येथें चूक महाग पडते. हँडल खोगिराइतकें उंच ठेवणारानें रुंद नमुना घ्यावा. तें बरेंच खालीं ठेवून धांवणारानें अरुंद. बसवितांना खोगीर सपाट, किंवा नाक अगदीं थोडें वर. नाक खालीं कललें तर स्वार पुढें घसरतो आणि मनगटें दुखूं लागतात, मग लोक दोष कातड्याला देतात. चार-पांचशें किलोमीटरनंतरहि दोन खळगे दिसूं लागले नाहींत व दुखणें हटलें नाहीं, तर तें खोगीर आपलें नव्हे असें समजून दुसऱ्याला द्यावें. हट्टानें हाड झिजत नाहीं. गाईचें कातडें ज्यांस चालत नाहीं त्यांच्यासाठीं रबर व सुती कापडाचें, याच झोळीच्या तत्त्वावरचें खोगीर २०१३ मध्यें ब्रुक्सनेंच काढलें. तें पावसालाहि भीत नाहीं, मात्र तें कातड्याइतकें माणसाळत नाहीं.

कातडें घेतलें तर पावसाळ्यांत त्यावर टोपी हवी आणि मागच्या चाकावर चिखलपंखा हवा, कारण पाणी वरच्यापेक्षां खालच्या उघड्या बाजूनें अधिक शिरतें. ओलें झालें तर सावलींत वाळवावें, उन्हांत किंवा चुलीजवळ नव्हे, आणि ओलें असतां त्यावर बसूं नये. चरबीचा लेप वर्षांतून एक-दोनदां पातळ हातानें. तेलांत बुडवून मऊ करण्याचा आततायीपणा केल्यास झोळीची पिशवी होते. नाकांतलें मळसूत्र पहिल्या वर्षीं बहुधा हलवावें लागत नाहीं. पुढें मध्यें झोळ दिसला तर पाव फेरा फिरवून थांबावें, आणि महिनाभर बसून पाहावें.