शेवटच्या प्रवासाची वाहने

मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने सांगितलेल्या दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक होय. या कार्यात वापरल्या गेलेल्या जुन्या शववाहिका जिवापाड जपणारे संग्राहक पाश्चात्त्य देशांत आहेत. त्यांची ओळख आम्ही येथे वाचकांना करून देत आहोत.

शब्दाचा उगम : शववाहिकेसाठी इंग्रजीत 'हर्स' हा शब्द आहे. तो फ्रेंच भाषेतील 'हेर्स', म्हणजे शेतातील दंताळे, या शब्दावरून आला. मध्ययुगात चर्चमध्ये शवपेटीवर मेणबत्त्या लावण्यासाठी खिळ्यांची चौकट ठेवीत. ती दंताळ्यासारखी दिसे. पुढे तेच नाव शवपेटी नेणाऱ्या गाडीला मिळाले.

घोडागाडीकडून मोटारीकडे : अमेरिकेत १९०९ च्या सुमारास मोटार-शववाहिका आल्या. १९१६ च्या पॅकार्ड बसमध्ये शवपेटी, खांदेकरी आणि सुमारे वीस शोकाकुल आप्त एकत्र बसत. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर ती कलंडली आणि सेवेतून बाद झाली. आज ती ह्यूस्टन येथे १९९२ साली उघडलेल्या अंत्यविधी-इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पुढे ओहायो राज्यातील मिलर-मिटिऑर, सुपीरियर आदी कारखाने कॅडिलॅकच्या लांब सांगाड्यावर शववाहिका बांधू लागले. लहान गावांत एकच गाडी रुग्णवाहिका व शववाहिका अशी दोन्ही कामे करी. १९७० च्या दशकात रुग्णवाहिकांचे नियम कडक झाले आणि ही पद्धत मागे पडली. अनेक गाड्या भंगारात गेल्या.

संग्राहकांचे कार्य : अशा गाड्या वाचविण्यासाठी १९७६ साली अमेरिकेत 'प्रोफेशनल कार सोसायटी' स्थापन झाली. हे काम सोपे नाही. गाड्या मोजक्याच बनलेल्या, त्यामुळे सुटे भाग दुर्मीळ. लांबी सहा मीटरहून अधिक, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये त्या मावत नाहीत.

इंग्लंडमधील उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. ब्रुसेल्स येथे १९१५ साली गोळ्या घातलेल्या परिचारिका ईडिथ कॅव्हेल यांचे पार्थिव १९१९ मध्ये मायदेशी आणले, तेव्हा डोव्हरहून ते रेल्वेच्या १३२ क्रमांकाच्या साध्या सामानडब्यातून नेण्यात आले. १९२० मध्ये अज्ञात सैनिकाची शवपेटीही त्याच डब्यातून लंडनला गेली. केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेने लोकांच्या देणग्यांतून २०१० साली तो पूर्ववत केला.

हा छंद काहींना अशुभ वाटतो. काही जण अशा गाड्यांचा उपयोग भुताखेतांच्या करमणुकीसाठी करतात. आमच्या मते फरक वस्तूत नसून दृष्टीत आहे. ज्या गाडीतून कुणाची आई, कुणाचे लेकरू अखेरचे गेले, ती गाडी थट्टेचा विषय होऊ नये. खरा संग्राहक लाकूड-पत्र्याबरोबर हा आदरही जपतो. नाव नसलेल्या सैनिकाचा तो डबा नेमके हेच सांगतो : शेवटच्या प्रवासात कोणीही बेवारस नसावा.