षट्कर्मांचा वारसा आणि धाराशिवची माती

कर्मभूमीच्या प्रारंभी कल्पवृक्ष लोप पावले, तेव्हा क्षुधेने व्याकूळ झालेली प्रजा भगवान ऋषभदेवांना शरण आली. प्रभूंनी तिला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात ‘आदिपुराणा’त हा प्रसंग वर्णिला आहे. भुकेल्यास अन्न देणे हा धर्म आहेच. परंतु त्याच्या हातांना उपजीविकेचे साधन देणे हा त्याहून दूरवर पोहोचणारा धर्म होय. धाराशिव जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात या शिकवणीची खरी कसोटी लागली.

बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला हा जिल्हा मुळातच अवर्षणप्रवण. 1972 च्या भीषण दुष्काळात येथील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेला. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेचा पाया घातला गेला. मागेल त्याला काम, या तत्त्वाने अनेकांची चूल पेटती राहिली. मात्र पाऊस पडला की शेतकरी पुन्हा त्याच कोरडवाहू रानाकडे आणि त्याच कर्जाकडे वळे.

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. त्या दिवशी दशलक्षण पर्वाची सांगता झाली. गावोगावी गणेश विसर्जन झाले. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात धरणी हादरली. लातूर जिल्ह्याबरोबरच तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर व आसपासच्या गावांवर मृत्यूने घाला घातला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. क्षमावणीच्या तोंडावर सारा समाज शोकसागरात बुडाला.

देशभरातून अन्नवस्त्रांचा ओघ सुरू झाला. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी निराळा विचार केला. भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुलांना त्यांनी शिक्षणासाठी पुण्यास नेले आणि वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांपैकी शास्त्रदान व अभयदान यांचा येथे सुरेख संगम झाला. जे मूल शिकते, ते पुढे आपले घर सावरते, ही त्यामागील दृष्टी होती.

गावात राहिलेल्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न मात्र उरलाच होता. घरदुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. उंबरठ्याआड राहणाऱ्या या भगिनी बांधकामाची माहिती घेऊ लागल्या, ग्रामसभेत बोलू लागल्या. घरे उभी राहिली तरी त्यांचे संघटन विरले नाही. त्यातून बचत गट वाढले आणि लहान व्यवसायांना भांडवल मिळू लागले.

पुढे 2012 नंतरच्या सलग दुष्काळात सोयाबीन व उसावर विसंबलेली कुटुंबे हवालदिल झाली. शेतात राबणारी स्त्री, परंतु सातबाऱ्यावर तिचे नाव नाही आणि कोणते पीक घ्यावे हे ठरविण्याचा अधिकारही नाही, अशी स्थिती होती. तेव्हा या स्त्रियांनी घरच्या जमिनीतील केवळ एक एकर, कोठे अर्धा एकर, स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घेतला. त्यात भाजीपाला, कडधान्ये व तृणधान्ये घेतली, गांडूळखत वापरले, ठिबक व तुषार सिंचनाने पाणी राखले. आधी घरचे ताट, मग बाजार, हा त्यांचा नियम. एक पीक गेले तरी दुसरे हाती येऊ लागले. 2016 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पुरस्काराने संस्थेच्या या कार्याचा गौरव झाला. 2022 साली प्रेमाताईंचे निधन झाले. त्यांनी रुजविलेली वाट मागे राहिली.

अशाच स्वावलंबनाचा आणखी एक दाखला समाजाच्या श्रद्धास्थानाजवळच आहे. कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी आणि 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी जेथे सल्लेखना घेतली, ते सिद्धक्षेत्र कुंथलगिरी खव्यासाठीही प्रसिद्ध आहे. दूध लवकर नासते. ते आटवून केलेला खवा अधिक टिकतो आणि दूरच्या बाजारपेठेत पोहोचतो. या साध्या शहाणपणावर कोरडवाहू शेतीच्या परिसरातील कित्येक संसार तगले. कुंथलगिरीच्या खव्यास आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

या साऱ्या इतिहासाचा बोध एकच. आपत्तीच्या वेळी दिलेली शिधापिशवी महिनाभर पुरते, तर शिक्षण, कसायला मिळालेली जमीन व हातची कला पिढ्यान्‌पिढ्या पुरते. घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, यातच दानाचे सार्थक आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी समाजबांधवांनी पुढील पन्नास वर्षांच्या दानाचा संकल्प करताना आदिनाथ प्रभूंच्या षट्कर्मांचे स्मरण ठेवावे, हीच या भूमीची अपेक्षा आहे.